स्वतःची चार चाके

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या क्लबात त्यांना सगळे ‘चिंचोळे’ म्हणत. ते त्यांचे आडनाव नव्हते. अरुंद टायरांचा कैवार घेऊन ते इतकी वर्षे भांडले की कोणीतरी त्यांना ते नाव चिकटवले, आणि मागाहून आलेल्या सभासदांना ते खरेच वाटू लागले. क्लबाच्या फाइलींत ‘श्री. चिंचोळे यांस’ अशा मायन्याची सहा पत्रे सापडतात. एकाही पत्राच्या उत्तरात त्यांनी ही चूक दुरुस्त केलेली नाही. दोन ठिकाणी तर खाली सहीच तशी आहे.

त्यांचा धंदा गाड्या लावून देण्याचा. इंजिनाची कामे ते घेत, पण नाव होते ते चाकांच्या वरच्या कामासाठी: स्प्रिंगा, शॉकअब्सॉर्बर, चाकांचे कोन, स्टिअरिंगची ढिलाई. गॅरेज दोन गाड्यांपुरते. एका गाडीखाली खड्डा, दुसरीकडे लाकडी ठोकळे. मागच्या खोलीत लेथ, आणि लेथवर त्यांच्याच वयाचा एक अबोल भागीदार, ज्याला सगळे लेथवालाच म्हणत. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात दुपारी काम करणे अशक्य होई. तेव्हा दोघे खड्ड्यात उतरून बसत, कारण तेवढीच जागा गार असे.

गाडी किती जोरात वळते याला चिंचोळ्यांच्या लेखी काही किंमत नव्हती. त्यांचे म्हणणे असे : अरुंद, कडक टायर साठाच्या वेगालाच सरकू लागतो, पण सांगून सरकतो. आधी स्टिअरिंग हलके होते, मग आसनाखालून मागची बाजू किंचित बाहेर निघते, मग हात आपोआप उलट फिरतात आणि गाडी पुन्हा ओळीत येते. हा सगळा संवाद एका वळणात होतो, आणि शेजारून सामानाचा टेम्पो पुढे निघून जाईल एवढ्या वेगात होतो. रुंद, मऊ टायर मात्र नव्वदपर्यंत मुकाट धरून ठेवतो आणि मग एका क्षणात सोडतो. “गाडी किती जोरात गेली हे घड्याळाला कळतं,” ते क्लबात ऐकवत, “कशी गेली ते माणसाला कळतं. घड्याळासाठीच गाडी लावायची असेल तर घड्याळालाच बसवा आत.”

त्यांच्या पत्नी शाळेत गणित शिकवत. गल्लीत त्या ‘गणिताच्या बाई’. त्यांचे मत वेगळे होते. “लोक घसरायला घाबरतात. आमचे हे घसरायला पेट्रोल जाळतात,” असे त्या पाहुण्यांदेखत म्हणत. चिंचोळे त्यावर हसत. ते दिलखुलास हसत असे बाई सांगतात. फोटोंत मात्र ते कुठेच हसताना दिसत नाहीत.

या मतातून एक कार्यपद्धती तयार झाली होती, आणि पुढचे सगळे तिच्यामुळे घडले. गॅरेजच्या मागच्या भिंतीवर चार खुंट्यांना चार चाके टांगलेली असत : अरुंद, कडक टायरांची, त्यांची स्वतःची. कोणाचीही गाडी लावायला आली की आधी तिची चाके उतरत आणि ही चार चढत. वेगवेगळ्या गाड्यांना ती बसावीत म्हणून लेथवाल्याने मधल्या चकत्या करून दिल्या होत्या. मग चिंचोळे ती गाडी घेऊन अकरा किलोमीटरच्या फेरीला जात : पाण्याच्या टाकीवरून, दगडाच्या खाणीला वळसा घालून, परत. येऊन एखादा नट पाव फेरा फिरवीत, पुन्हा जात. कधी दिवसात नऊ फेऱ्या होत. गाडी मनासारखी बोलू लागली की मालकाची चाके परत चढवून पेट्रोल पंपापर्यंत एक चक्कर, आणि चाचणी-वहीत नोंद. अशा एकोणतीस वह्या आहेत. अक्षर बारीक आणि सुबक आहे. चाचणी कोणत्या चाकांवर झाली हे एकाही वहीत लिहिलेले नाही. लिहायची गरजच त्यांना वाटली नसावी. त्यांच्या लेखी चाचणीची चाके म्हणजे तीच.

एकोणतीस वह्यांच्या काळात या पद्धतीने कोणाचे नुकसान झाले नाही, कारण मालकांचे टायर त्यांच्या टायरांहून फारसे वेगळे नसत. फरक पडला तो डॉक्टरच्या गाडीला.

डॉक्टर म्हणजे दातांची डॉक्टर, वय चौतीस, चिंचोळ्यांच्या जिवलग मित्राची एकुलती मुलगी. मित्र सहा वर्षांपूर्वी वारला होता. त्याची दोन आसनांची उघडी गाडी, जी मुलीपेक्षा वयाने मोठी होती, तेव्हापासून घराच्या मागे ताडपत्रीखाली पडून होती. लहानपणी मुलगी या गाडीत बापाच्या आणि चिंचोळेकाकांच्या मध्ये गिअरच्या दांड्याशी पाय लोंबकळवत बसत असे. ती पदवी घेऊन आली त्या दिवसापासून चिंचोळे तिला नावाने हाक मारेनासे झाले; ‘डॉक्टर’ म्हणू लागले, आधी चिडवायला आणि मग सवयीने.

ती एका शनिवारी ट्रकवर लादून गाडी घेऊन आली, सोबत चार नवे टायर : रुंद, मऊ, शर्यतीचे. तिला डोंगरावरच्या चढाच्या शर्यतीत उतरायचे होते. पुढचे संभाषण लेथवाल्याने सांगितले. तो दोघांचेही आवाज काढून दाखवतो, त्यामुळे त्यातले शब्द थोडे जपूनच घ्यायला हवेत.

“हे काय आणलंस? ट्रॅक्टर काढतेस की काय?”

“काका, सुरू झालात का? अजून मी आत पण आले नाही.”

“तुझा बाप ही गाडी आयुष्यभर बोटाएवढ्या टायरवर हाकत होता. कधी तक्रार नव्हती.”

“बाबा शर्यतीत शेवटून दुसरे यायचे. शेवटचे तुम्ही.”

लेथवाला म्हणतो, यावर तो स्वतः हसला आणि चिंचोळ्यांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिले.

“आम्ही मजेसाठी जायचो,” चिंचोळे म्हणाले.

“मग मी कशासाठी जाते? तुमची मजा साठला आहे, माझी नव्वदला. एवढाच फरक.”

“साठला चूक झाली तर माणूस ओशाळतो, डॉक्टर. नव्वदला ओशाळायला कोण उरतं?”

“म्हणून तर तुमच्याकडे आणली ना. नाहीतर गावात काय कमी गॅरेजं आहेत?”

हे शेवटचे वाक्य तिने बोलल्याचे बाईही सांगतात. चिंचोळ्यांनी ते घरी येऊन सांगितले होते, आणि सांगताना ते खूश दिसले होते.

त्यांनी काम नाराजीने घेतले, पण टाळाटाळीने केले नाही. अठराव्या दिवसापर्यंतच्या नोंदी वाचल्या तर हे स्पष्ट होते. रुंद टायरांचा ताण सोसावा म्हणून मागचे अॅक्सल बदलले, चाकांच्या बेअरिंगा बदलल्या, स्प्रिंगा कडक केल्या, पुढे जाड आडवी दांडी बसवली. मग नेहमीप्रमाणे खुंटीवरची चार चाके चढवून सात फेऱ्या मारल्या. शेवटच्या दिवशी तिची चाके चढवली, पंपापर्यंत जाऊन आले आणि लिहिले : ‘रस्त्यावर चाचणी केली. गाडी उत्तम वळते. तेलाचा दाब स्थिर.’

या नोंदीतले शेवटचे वाक्य समजून घ्यायला हवे. इंजिनाच्या तळाशी तेलाची परात असते आणि तिच्यात एक नळी बुडालेली असते. पंप त्या नळीतून तेल ओढून फिरत्या भागांना पुरवतो. लांब वळणावर परातीतले तेल एका बाजूला चढते. टायर जितके घट्ट धरतील तितके ते जास्त चढते, आणि एका मर्यादेपुढे नळीचे तोंड उघडे पडते. दोन-तीन सेकंद इंजिन कोरडे फिरते. अरुंद टायरांवर हे घडू शकत नाही, कारण तेल तेवढे चढण्याआधीच गाडी सरकते. खाणीच्या वळणावर चिंचोळ्यांनी सात वेळा दाबाच्या काट्याकडे पाहिले आणि सातही वेळा तो स्थिर होता. नोंद खरी होती. फक्त ती डॉक्टरच्या गाडीची नव्हती.

त्यांना हे ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. अठराव्या वहीत दोन शर्यतीच्या गाड्यांच्या परातीत आडव्या पट्ट्या जोडून दिल्याची नोंद आहे, आणि बाजूला पेन्सिलीने कारणही आहे : ‘तेल पळते.’ मग या गाडीला पट्ट्या का नाहीत? लेथवाला म्हणतो, विसरला. बाई म्हणतात, विसरले नाहीत. “काटा हलला नाही ना, म्हणून. यांचा स्वतःच्या चाकांवर जितका विश्वास होता तितका माझ्यावरसुद्धा नव्हता.” मला बाईंचे स्पष्टीकरण जास्त पटते, कारण वह्या तेच सांगतात.

शर्यत रविवारी होती. शनिवारी सराव होता, आणि दुपारी बाराच्या सुमारास घरचा फोन वाजला. बाई जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत होत्या. त्यांनी नवऱ्याची बाजू तेवढी ऐकली : “कोणत्या वळणावर? ... अगं, तुझ्या बापाच्या हातातही तो काटा नाचायचाच. जुना आहे तो. ... डॉक्टर, काट्याकडे बघू नकोस, रस्त्याकडे बघ. ... चालव ना.” फोन मिनिटभराचाही झाला नाही. “कोण?” बाईंनी विचारले. “डॉक्टर. उगाच घाबरते,” असे म्हणून ते हात धुवायला गेले.

रविवारी तिसऱ्या फेरीत, डोंगराच्या लांब उजव्या वळणावर, गाडी रस्ता सोडून दगडी कठड्यावर आदळली. डॉक्टरला इस्पितळात नेईपर्यंत ती गेली होती.

चौकशीची फाइल चौदा पानांची आहे. निष्कर्ष एका ओळीचा : ‘अतिवेगामुळे टायरांची पकड सुटली, चालकाचा अंदाज चुकला.’ इंजिन कोणी उघडले नाही. उघडावे असे कोणाला वाटले नाही, कारण जुन्या गाडीला रुंद टायर म्हटल्यावर गोष्ट आपोआप जुळत होती. फाइलीतल्या चौथ्या फोटोत मात्र रस्त्यावर काळे पट्टे दिसतात, आणि ते दोनच आहेत. ब्रेक दाबला असता तर चार उमटले असते. घसरली असती तर ते वाकडे पसरले असते. फक्त मागची चाके जागच्या जागी आवळली गेली तरच असे दोन सरळ पट्टे उमटतात, आणि ती आवळली जातात इंजिन अडकल्यावर.

चिंचोळे सांत्वनाला गेले तेव्हा मित्राच्या बायकोने, ज्यांना ते पस्तीस वर्षे वहिनी म्हणत आले होते, त्यांचा हात हातात घेतला. “तुम्ही तिला बजावलं होतंत, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “मला सांगायची ना येऊन. काका ओरडतात म्हणायची. नाही ऐकलं तिने तुमचं.” खोलीत वीसेक माणसे होती. चिंचोळे काही बोलले नाहीत. सगळ्यांनी ते दुःख समजले.

गाडीचा सांगाडा वहिनींना दारात नको होता, म्हणून तो गॅरेजात आला. बाराव्या दिवशी चिंचोळे आणि लेथवाला अशा दोघांनी इंजिन उघडले. तिसऱ्या पिस्टनच्या दांड्याची बेअरिंग तेलाविना निळीकाळी पडून फिरत्या दांड्याला चिकटून बसली होती. छिन्नीने सोडवावी लागली. ती हातात घेऊन दोघे खड्ड्याच्या काठावर बसले. ‘झाकून ठेव’ हे शब्द त्या वेळी उच्चारले गेले, यावर एकमत आहे. लेथवाला म्हणतो, ते मी म्हणालो. हा बोलला असता तर गॅरेज कायमचं बंद झालं असतं, आणि पोर काही परत येणार नव्हती. बाई म्हणतात, नवऱ्याने सांगितले होते की ते शब्द त्याचे स्वतःचे होते. दोघांनीही तो दोष आपल्याकडे ओढला, आणि आता ठरवायला तिसरा साक्षीदार नाही. चिंचोळे गेल्या वर्षी वारले.

सात महिने त्यांनी झाकून ठेवले. या सात महिन्यांत वहिनींचे काय झाले हे शेजारच्यांनी पाहिले आहे. त्यांनी मुलीचे हेल्मेट आणि हातमोजे भंगारवाल्याला दिले. भिंतीवरचा फोटो उतरवून कपाटावर पालथा ठेवला. भेटायला येणाऱ्याला त्या ठराविक वाक्य ऐकवत, आणि त्यात शोकापेक्षा राग जास्त असे : “हौस नडली तिला. माझा विचार केला नाही.” एकदा चिंचोळे समोर बसलेले असतानाच त्या म्हणाल्या, “मेलेल्यावर रागवू नये म्हणतात. मी काय करू? रोज सकाळी उठते ती रागावूनच उठते.” घरी आल्यावर चिंचोळ्यांनी हे बायकोला सांगितले, आणि ती पुढे काही विचारणार तोच रेडिओ लावला.

इकडे क्लबात त्यांचा मान वाढत गेला. ज्यांनी त्यांची वर्षानुवर्षे थट्टा केली ते आता म्हणू लागले की म्हातारा बरोबर होता, पकडीच्या नादानेच पोरगी गेली. सेक्रेटरी पेशाने वकील. त्यांनी ठरावाचा मसुदा केला : जुन्या गाड्यांना मूळ मापाहून रुंद टायर लावून शर्यतीत उतरता येणार नाही. वार्षिक सभेत ठराव मांडण्याआधी चिंचोळ्यांनी चार शब्द बोलावेत, असे निमंत्रण आले. तीस वर्षे ज्यासाठी भांडले ते त्यांना आयते मिळत होते.

ते गेले. सभेला एकोणचाळीस जण हजर होते. चिंचोळ्यांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेली बेअरिंग काढून टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच बोलले. त्यांचे भाषण कोणी लिहून घेतले नाही; तिघांच्या आठवणी जुळवून एवढे नक्की सांगता येते :

“टायरने तिला मारलं नाही. टायर चांगले होते. तिने वळण बरोबर घेतलं होतं. इंजिन कोरडं पडून अडकलं, कारण मी परातीत पट्ट्या घातल्या नाहीत. आणि घातल्या नाहीत, कारण मी तिची गाडी माझ्या चाकांवर तपासली. तिच्या चाकांवर मी ती पेट्रोल पंपापलीकडे नेलीच नाही. मला ती चाकं आवडत नव्हती.”

मग मागच्या रांगेत एकाने टाळी वाजवली, प्रामाणिकपणाला दाद म्हणून, आणि आणखी दोघांनी त्याला साथ दिली. “टाळ्या काय वाजवता?” चिंचोळे म्हणाले. “नाटक आहे का?” सेक्रेटरींनी घसा साफ करून ठराव मताला टाकला. तो मंजूर झाला. इतिवृत्तात या प्रसंगावर एकच वाक्य आहे : ‘श्री. चिंचोळे यांनी काही तांत्रिक बाबी मांडल्या.’

घरी बाई जाग्या होत्या, कारण जेवण व्हायचे होते. पुढचे त्यांच्याच तोंडून कळलेले आहे.

“सांगितलंत?”

“सांगितलं.”

“सगळं?”

“चाकांचं सांगितलं. पट्ट्यांचं सांगितलं.”

“आणि फोनचं?”

चिंचोळ्यांनी ताट पुढे ओढले. “ते क्लबाचं काम नाही.”

“मग कोणाचं?”

“फोनचं कोणाला ठाऊक आहे?”

“मला ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. “मी इथेच बसले होते. आठवी ब चे पेपर होते. अहो, इतकी वर्षं संसार केला, तुमच्या किती चुका पोटात घातल्या त्याचा हिशेब मी ठेवला नाही. पण ती बाई रोज पोरीवर रागावून उठते. हे मी नाही पोटात घालू शकत. तुम्ही जाणार नसाल तर मी जाते.”

“काय सांगशील?”

“जे ऐकलं ते.”

“तू माझंच बोलणं ऐकलंस. तिचं नाही.”

“म्हणून तर तुम्ही जायला हवं.”

फरक कोणता, हे दोघांनाही कळत होते. चाकांची चूक कारागिराची चूक होती. ती कबूल केली तर गॅरेज बुडते, पण माणूस ताठ उभा राहतो. फोनची चूक वेगळी होती. तो फोन सांगितला की मुलगी बेफिकीर नव्हती हे सिद्ध होत होते, आणि ती ज्याच्यावर विसंबली तो माणूस कोण, हेही.

सकाळी दोघे वहिनींकडे गेले. चाकांचे आणि पट्ट्यांचे वहिनींना क्लबातून कोणीतरी आधीच फोन करून कळवले होते; त्या दारातच म्हणाल्या, “ऐकलं मी. झालं ते झालं, भाऊजी. तुमच्या हातून मुद्दाम थोडंच झालं? पण वेगाने तीच जात होती ना.”

चिंचोळे बसले नाहीत. बाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

“वहिनी, तिने शनिवारी मला फोन केला होता.”

“कोणत्या शनिवारी?”

“आदल्या दिवशी. सरावाहून.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, काका, लांब उजव्या वळणावर तेलाचा काटा पडतो. सरळ झालं की वर येतो. मी म्हटलं, काटा जुना आहे. मग म्हणाली, उद्या चालवू का?”

वहिनींनी विचारले नाही की तुम्ही काय म्हणालात. शेवटी चिंचोळ्यांनी स्वतःच सांगितले, “मी म्हटलं, चालव.”

“तिने विचारलं होतं,” वहिनी म्हणाल्या.

“हो.”

“तिला कळलं होतं, आणि तिने विचारलं होतं.”

“हो.”

“सात महिने.” त्यांचा आवाज चढला नाही. “सात महिने मी माझ्या मेलेल्या पोरीला शिव्या दिल्या, आणि तुम्ही इथे, याच खुर्चीत बसून ऐकल्यात. माझ्या हातचा चहा पीत.”

बाई सांगतात, वहिनी ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या उठल्या, आतून पाणी पिऊन आल्या आणि म्हणाल्या, “पुन्हा सांगा. ती काय म्हणाली ते. सुरुवातीपासून.”

त्यांनी पुन्हा सांगितले. वहिनींनी तिसऱ्यांदा सांगायला लावले. मग म्हणाल्या, “आता जा.” ते जिना उतरून खाली पोहोचले तेव्हा वरून आवाज आला : “मंगळवारी या.”

चिंचोळ्यांनी चौकशीच्या कचेरीला दोन पानी पत्र लिहिले. फोनसुद्धा त्यात आहे. आठ आठवड्यांनी उत्तर आले की प्रकरण बंद झाले असून ते पुन्हा उघडण्यास पुरेसे कारण दिसत नाही. पत्र फाइलीच्या शेवटी टाचलेले आहे. निष्कर्षाची ओळ जशी होती तशीच आहे. गॅरेज त्याच वर्षी बंद झाले, कोणी बंद पाडले म्हणून नव्हे. गाड्या यायच्या थांबल्या. लेथवाला दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन लेथ चालवू लागला.

मंगळवारी मात्र ते जात राहिले. किती मंगळवार, याची नोंद नाही. बाई चार वर्षे म्हणतात, लेथवाला तीन. वहिनींना विचारायला गेल्यावर त्यांनी दार उघडले, विषय ऐकला आणि दार लावून घेतले. म्हणून हे एका बाजूचेच आहे. मुलीचा फोटो पुन्हा भिंतीवर लागला होता, एवढे बाईंनी पाहिले. वहिनींनी माफ केले असे त्या म्हणत नाहीत. चहा पुन्हा कधी मिळाला नाही. चिंचोळ्यांना दारासमोरच्या स्टुलावर बसवले जाई, आणि तो फोन सांगायला लावले जाई : वाजल्यापासून ठेवेपर्यंत, आधी तिचे शब्द, मग त्यांचे. मिनिटभराचे काम. मुलीचे शेवटचे बोलणे या एका माणसाकडे होते, दुसऱ्या कोणाकडे नव्हते. त्यामुळे वहिनी त्यांना सोडूही शकत नव्हत्या. एखादा शब्द मागेपुढे झाला की त्या बोट वर करून थांबवत.

शेवटच्या वर्षी चिंचोळ्यांना दम लागे, म्हणून बाई सोबत जात. अशाच एका मंगळवारी वहिनींना ताप होता. त्या शाल पांघरून बसल्या होत्या आणि फार थकलेल्या दिसत होत्या. चिंचोळे नेहमीसारखे बोलत गेले. ‘उद्या चालवू का?’ इथवर आले आणि म्हणाले, “आणि मग ती हसली.”

वहिनींनी मान वर केली.

“हसली?”

“हो. जराशी.”

“हे आधी कधी सांगितलं नाहीत.”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिले नाही.

“भाऊजी, हसली होती का?”

“नाही, वहिनी.”

“मग नको,” वहिनी म्हणाल्या. “होतं तेवढंच सांगा.”